‘सावधान’ म्हणून मी जे पाठवलं

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. शाळेतल्या मैत्रिणींना नाही, शेजारच्या वहिनींना नाही. नानाला तर नाहीच — आणि त्याला सांगायला हवं होतं, तो पलीकडच्या खोलीत खोकत बसलेला असताना. आता लिहायला बसले आहे खरी, पण कुठून धरू? शेवट आधी सांगितला तर तुम्ही पुढे वाचणार नाही. सुरुवातीपासून सांगितलं तर मी मध्येच स्वतःची बाजू घ्यायला लागेन. ती सवय आहे मला. तरी सुरुवातीपासूनच सांगते.

मी धुळ्याला, देवपुरात राहते. शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही. माझा मोठा भाऊ — घरात सगळे त्याला नानाच म्हणायचे — त्यानेही केलं नाही. त्याचं कुणी जमवलं नाही, हे म्हणणं जास्त खरं. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा पाय गेला होता. अमळनेरला एका शाळेच्या ऑफिसात त्याने जन्मभर कारकुनी केली, आणि निवृत्त झाल्यावर तो माझ्याकडे राहायला आला. तळमजल्यावरचं घर मी त्याच्यासाठीच घेतलं होतं. हे कशाला सांगितलं? मी चांगली बहीण होते, हे तुम्हाला पटावं म्हणून. बघा — लागलीच सुरू झालं.

नानाची एक स्कूटर होती. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जादा चाकं बसवलेली, कुबड्या अडकवायला डाव्या अंगाला लोखंडी कडी. त्या स्कूटरवर तो भाजी आणायचा, बँकेत जायचा, उगाच पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन यायचा. मग त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. दोन महिने ती स्कूटर जिन्याखाली धूळ खात उभी राहिली, आणि एक दिवस तो आपणहूनच म्हणाला की विकून टाकू. फक्त एक अट — जिला किंवा ज्याला खरंच तिची गरज आहे, अशा माणसाला द्यायची.

मोबाईलवर जाहिरात टाकायचं काम माझं. ते माझ्याकडे येणारच होतं, कारण त्याच वर्षी शाळेत ऑनलाइन फसवणुकीबद्दल कार्यक्रम झाला होता आणि त्याचा तक्ता मी तयार केला होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे यायचे असतील तर आपण कोड स्कॅन करायचा नसतो. समोरच्याने पाठवलेला फोटो म्हणजे पैसे नव्हेत. मेसेजवर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या खात्यात बघा. लाल आणि निळ्या पेनाने मी हे सगळं लिहिलं होतं. अजूनही तो तक्ता स्टाफरूमच्या बाहेर लावलेला आहे.

जाहिरात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी एक जण बोलला. हिंदीत. गाडी न बघता, भाव न करता तयार. कोड पाठवला — मॅडम, स्कॅन करा, लगेच पैसे जमा होतील. मी त्याला चांगलं सुनावलं. फोन ठेवल्यावर नानाला सगळं रंगवून सांगितलं. तो हसला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तीस वर्षं नकाशे टांगते आहे मी. आपण हुशार आहोत असं त्या दिवशी बऱ्याच काळाने वाटलं.

त्यानंतर चार दिवसांनी किरणचा फोन आला.

मराठीत बोलत होता. फौजेत आहे म्हणाला, लांब पोस्टिंग आहे, स्वतः येऊन गाडी बघता येणार नाही. शिरपूरजवळच्या एका खेड्यात त्याची बहीण असते, तिच्या पायाला पोलिओ आहे, ती शिवणकाम करते. शिरपुरात दुकान टाकायचं तिच्या मनात आहे, पण रोज जाणार-येणार कशी? अॅडव्हान्स आत्ता टाकतो, रविवारी मामा पिकअप घेऊन येतील, उरलेले पैसे ते रोख देतील. मी काही विचारायच्या आत त्याने आपल्या ओळखपत्राचा फोटो पाठवला. माझ्या फोनला रेंज नसते, म्हणाला, ताईचा नंबर घेऊन ठेवा.

तुम्ही वर्तमानपत्र वाचत असाल तर तुमच्याही मनात तेच आलं असेल, जे माझ्या मनात आलं. मी फौजी आहे, बदली झाली आहे, येता येत नाही, हे बघा माझं कार्ड — फसवणाऱ्यांची ही ठरलेली पद्धत. आमच्या कार्यक्रमात हेच उदाहरण दिलं होतं. आधी त्याने खात्री करायला एक रुपया पाठवला. तेही उदाहरणात होतं! थोड्या वेळाने पाच हजार जमा झाल्याचा मेसेज आला. आणि असे खोटे मेसेज येतात, हे तर मी स्वतःच्या हाताने तक्त्यावर लिहिलं होतं.

नाना कॉटवर बसून ऐकत होता. घरात आम्ही दोघं अहिराणीतच बोलायचो. तो म्हणाला, “नलू, पहिले खातं देख.”

एवढंच. खातं बघ. दोन मिनिटांचं काम. माझ्याच तक्त्यावरचं अर्धं वाक्य — आणि मी फक्त त्याच्या आधीचं अर्धं लक्षात ठेवलं होतं. मी त्याला काय म्हणाले, सांगू? “तुले काय समजस त्यामा?” असं म्हणाले. आयुष्यभर ज्याने शाळेचे हिशोब एका आण्याची चूक न करता ठेवले, त्याला.

मग मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि मेसेज लिहिला. ‘सावधान!’ असा सुरू केला. फौजी असल्याची बतावणी करून फसवणारी टोळी आपल्या भागात फिरते आहे. सोबत त्याचं ओळखपत्र जोडलं. स्कूटरचा फोटो जोडला. आणि बहिणीचा म्हणून दिलेला नंबर — ‘या नंबरवरची बाई त्याची साथीदार आहे’ असं लिहिलं. साथीदार. हा शब्द मला कुणी सुचवला नव्हता. मी शोधून लिहिला. कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, आणि दोन्ही नंबर ब्लॉक करून भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुख्याध्यापकांनी माझं नाव घेतलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो मेसेज फिरत फिरत मलाच तीन ठिकाणांहून परत आला. त्यात आता माझं नाव कुठे नव्हतं, पण ओळखपत्र, स्कूटर आणि नंबर जसेच्या तसे होते. जळगावच्या एका मैत्रिणीने विचारलं, हे तुमच्या धुळ्याचंच ना? मी अभिमानाने लिहिलं — माझंच.

चौथ्या दिवशी विजेचं बिल भरायला खातं उघडलं. आत पाच हजार एक रुपये जास्त होते.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. तारीख बघितली, वेळ बघितली. मेसेज लिहायच्या पाऊण तास आधी ते पैसे माझ्या खात्यात आले होते. तो माणूस खरा होता. त्याची बहीण खरी होती. मामा कदाचित त्या रविवारी पिकअप घेऊन निघाले असतील, आणि माझा फोन लागला नसेल.

इथपर्यंत जे झालं त्याला चूक म्हणता येईल. मी स्वतःला तसं म्हणतही आले. पण यापुढचं? ज्या तीन ग्रुपवर टाकलं होतं त्यांवर दोन ओळी लिहायच्या होत्या — माणूस खरा आहे, मी खातं न बघता लिहिलं. इतकंच. त्या आठवड्यात ज्येष्ठ नागरिक संघाने मला बोलायला बोलावलं होतं. त्यांनी फळ्यावर माझं नाव लिहिलं होतं. मी गेले. फौजीची गोष्ट सांगितली. लोक तोंडात बोटं घालून ऐकत होते, आणि मी बोलत असताना पैसे माझ्या खात्यात पडून होते. घरी येऊन पाच हजार एक रुपये त्याला परत पाठवले. सोबत काही लिहायला जागा असते. ती मी रिकामी सोडली.

नानाने विचारलं होतं एकदा, त्या फौजीचं काय झालं म्हणून. मी म्हणाले, चोरच निघाला. तो कॉटवर उठून बसला. मग म्हणाला, “आवाजवरतून तर तसा नही वाटना.” आणि पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. त्याला कळलं होतं का? मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची हिंमतही मी केली नाही.

स्कूटर पुढे नशिराबादचा एक गॅरेजवाला घेऊन गेला. रोखीने. जादा चाकं काढून साधी गाडी म्हणून विकणार होता. आमच्या देखतच त्याने पान्याने एक नट सैल करून बघितला. नाना दारात खुर्ची टाकून बसला होता. त्यानंतर अडीच महिन्यांनी तो गेला. दवाखान्यात, दुपारी, मी डबा आणायला घरी आले असताना.

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

नाना जाऊन महिना झाला असेल. रविवार होता. दार वाजलं. बाहेर तिशीतली एक बाई उभी होती, पायात कॅलिपर, हातात एक कुबडी, खांद्याला कापडी पिशवी. शिरपूरहून एसटीने आली होती. स्टँडपासून रिक्षाने देवपुरात येऊन, फोनमधला स्कूटरचा फोटो दाखवत घर विचारत विचारत पोचली होती. तिने नाव सांगितलं — रेखा. पुढचं काही सांगायची गरज नव्हती. मी तिला आत घेतलं. पाणी दिलं.

ती भांडायला आली नव्हती. भांडली असती तर —

नाही. तसं काही म्हणणार नाही मी.

ती शांतपणे सांगत होती, माझ्याशी बोलताना शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. मध्येच तिची जीभ घरच्या बोलीवर जायची. “तो नंबर मना शे, ताई. मन्या शिलाईच्या पाटीवर तोच लिहेल शे.” फोन यायचे. शिव्या देणारे, घाणेरडं बोलणारे, पोलिसांत देतो म्हणणारे. ओळखीच्या बायका ब्लाउज शिवायला टाकेनाशा झाल्या. पोलीस पाटलाने घरी येऊन भावाचे कागद मागितले. भावाला तिकडे साहेबांनी बोलावून घेतलं, ओळखपत्र बाहेर गेलंच कसं म्हणून. त्याने घरी फोन करणं कमी केलं. नंबर बदलून टाक, असं सगळे म्हणत होते. पण नंबर बदलला तर लोक म्हणतील, बघा, चोर होती म्हणूनच बदलला. “बठ्ठा गावनी वाचेल शे,” ती म्हणाली, साऱ्या गावाने वाचलंय. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, “ताई, ते कोणी लिहिलं?”

तिला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. संशय असता तर तो तिच्या डोळ्यांत दिसला असता. मी शिक्षिका — मी असं लिहीन, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

समोर भिंतीवर नानाचा फोटो होता. हार अजून ताजा होता. कोपऱ्यात त्याच्या कुबड्या उभ्या होत्या. त्या काढायचा मला धीर झाला नव्हता. तिची नजर आधी कुबड्यांवर गेली, मग फोटोवर.

मी म्हणाले, “माझ्या भावाने.”

तुम्ही हे वाचलंत ना? पुन्हा लिहिते, म्हणजे ते सुटणार नाही. मी म्हणाले की माझ्या भावाने लिहिलं. मी पुढेही बोलले. गाडी त्याचीच होती, म्हणाले. आजारी होता, घाबरला होता, मोबाईलमधलं त्याला फारसं कळत नव्हतं. मला नंतर समजलं, म्हणाले. एका दमात. कुठेही न अडखळता. वर्गात नद्यांची नावं सांगावीत तसं.

रेखा बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग तिने हात जोडले. त्याला. “जाऊ द्या,” म्हणाली. “आजारी माणूस. त्यांना काय बोलायचं आता.” आणि मला म्हणाली, “तुम्ही रडू नका, ताई.” मी रडत होते. कशासाठी रडत होते, ते तिने आपल्या चांगुलपणाने ठरवून टाकलं होतं.

मी चहा केला. ती प्याली. जाण्याआधी संकोचून म्हणाली, तुम्ही मॅडम आहात, दोन ओळी लिहून द्या ना — हा नंबर चांगल्या घरचा आहे, भाऊ खरा फौजी आहे, एवढंच. मी तिच्याच फोनवर लिहून दिलं. चांगलं लिहिलं, लिहिता येतं मला. तिने वाचलं आणि विचारलं, खाली नाव कोणाचं टाकायचं? नाव नसलं तर लोक मानणार नाहीत.

त्या क्षणी तरी माझं नाव टाकता आलं असतं. दोनच शब्द. मी नानाचं नाव टाकलं. पूर्ण नाव, आणि पुढे ‘निवृत्त लिपिक, अमळनेर’ — लोकांना ओळख पटावी म्हणून. ‘यांच्याकडून गैरसमजातून चुकीचा संदेश पसरला. ते आता हयात नाहीत. त्यांच्या कुटुंबाला याचा खेद आहे.’ त्याचं कुटुंब म्हणजे मी एकटी. रेखाने माझ्यासमोर तो मेसेज पाठवला आणि माझे आभार मानले. मी तिला रिक्षा आणून दिली. ती रिक्षात चढताना मी तिची कुबडी धरली होती.

त्यानंतर तीन वर्षं झाली. मी अजून बोलायला जाते. फौजीची गोष्ट आता सांगत नाही, कोडवाल्याची सांगते. लोकांना सांगते की गाडी असो की फ्रिज, पैसे खात्यात दिसल्याशिवाय वस्तू हातची सोडू नका, पिन कुणाला देऊ नका, ओटीपी सांगू नका. हे सगळं खरं आहे आणि कामाचं आहे, आणि ते ऐकून काही जण वाचलेही असतील. खात्यात बघितल्याशिवाय कुणाला चोरही म्हणू नका, हे मात्र मी अजून एकाही ठिकाणी सांगितलेलं नाही. ते वाक्य तोंडातून बाहेरच पडत नाही.

गेल्या हिवाळ्यात अमळनेरला महिला मंडळाने बोलावलं होतं. कार्यक्रम संपला. बायका चहाला गेल्या. एक म्हातारे गृहस्थ दाराशी थांबले होते. नानाच्या शाळेत शिपाई होते ते. पहिल्यापासून मी त्यांना आबाच म्हणते. पंचवीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले. मला वाटलं, सहज भेटायला आले असतील. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, तो नानाच्या नावाचा मेसेज माझ्या नातीने मला वाचून दाखवला होता. नाना असं करेल, असं मला वाटलं नव्हतं. कुणाबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही तो.

मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागले.

मग आबा म्हणाले, “मी शिरपूरले जाई उनू.”

मला आधी कळेचना. ते सांगत होते — मेसेजमधला नंबर घेऊन, मुलाला बरोबर घेऊन ते रेखाच्या गावी जाऊन आले होते. नानाच्या वतीने माफी मागायला. गुडघे धड चालत नाहीत त्यांचे. तिच्या घरी गेले, तिच्या आईच्या पाया पडले, आमचा माणूस वाईट नव्हता असं सांगितलं. रेखाने त्यांना जेवून जायला लावलं. शिलाईचं काम पुन्हा बरं चालू झालं आहे म्हणे, पण भाऊ अजून सुट्टीवर आला की गावात फारसा बाहेर पडत नाही. “पोर चांगली शे,” आबा म्हणाले. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू मनाला लावून घेऊ नको. शेवटी शेवटी माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

मी मान हलवली.

त्यांनी माझ्या भावाच्या चुकीसाठी मला धीर दिला, आणि मी तो घेतला. पुढच्या एसटीने धुळ्याला आले.

नानाने त्या मेसेजमधलं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. त्याने मला खातं बघायला सांगितलं होतं. ‘सावधान’ मी लिहिलं, ‘साथीदार’ मी लिहिलं, आणि त्याचं नाव खाली टाकलं तेही मीच.